कंटेनर उचलायचा, उतरवायचा, रचायचा: सांगली-साताऱ्यातल्या नवख्यांसाठी

कंटेनर ही लोखंडी पेटी दिसते, पण तिचा खरा जीव आठ कोपऱ्यांत असतो. वर चार आणि खाली चार ओतीव ठोकळे असतात, त्यांना कॉर्नर कास्टिंग म्हणतात. प्रत्येक ठोकळा १७८ मिमी लांब, १६२ मिमी रुंद आणि ११८ मिमी उंच असतो. पेटी उचलायची ती याच ठोकळ्यांना धरून, टेकवायची ती यांच्यावर, आणि रचायची तीही ठोकळ्यावर ठोकळा ठेवून. बाजूचा पत्रा जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीचा असतो. छपरावर माणूस जपून चालू शकतो, पण वजन ठेवायची ती जागा नव्हे. यार्डातल्या बहुतेक अपघातांच्या आणि वाकलेल्या पेट्यांच्या मुळाशी हाच हिशेब चुकलेला सापडतो.

आधी ठरवा: उतरवायची गरज आहे का?

कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत येणारे बहुतेक कंटेनर ट्रेलरवरून उतरतच नाहीत. डॉकला लावले, माल भरला, सील ठोकलं आणि गाडी न्हावा शेवाकडे निघाली. साडेतीनशे किलोमीटरच्या फेरीत उतरवण्या-चढवण्याचा खर्च आणि जोखीम टळत असेल तर तेच बरं. ट्रेलरवर कंटेनरची फरशी जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास येते. रॅम्प किंवा डॉक त्या मापाचा हवा.

इथे एक चूक नेहमी होते. घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) सोडवून नुसता ट्रेलर डॉकला लावतात आणि फोर्कलिफ्ट आत घालतात. फोर्कलिफ्ट पुढच्या टोकाला गेली की सगळा भार ट्रेलरच्या लँडिंग लेगवर, म्हणजे पुढच्या टेकूच्या पायांवर येतो, ट्रेलर नाकावर पडतो आणि फोर्कलिफ्ट आतच अडकते. घोडा सोडायचाच असेल तर पुढच्या टोकाखाली भक्कम जॅक-स्टँड लावा आणि मागच्या चाकांना ओट लावा.

उतरवणं भाग पडतं ते तीन कारणांनी: रिकामी पेटी गोदाम किंवा साइट ऑफिस म्हणून ठेवायची असते, हंगामात भरलेल्या पेट्या साठवाव्या लागतात, किंवा यार्डच चालवायचं असतं. पुढचं सगळं त्यांच्यासाठी.

दारावर लिहिलेलं वाचा

मशीन बोलवण्याआधी पेटीच्या दारापाशी जा. उजव्या दारावर चार अक्षरं आणि सात आकडे असतात. तो पेटीचा नंबर. शेवटचा, चौकटीतला आकडा पडताळणीसाठी असतो. त्याखालचा चार खुणांचा कोड मापं सांगतो: २२जी१ म्हणजे २० फुटी साधी, ४२जी१ म्हणजे ४० फुटी साधी, ४५जी१ म्हणजे ४० फुटी हाय क्यूब आणि ४५आर१ म्हणजे त्याच मापाची रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारी पेटी. साधी पेटी २.५९१ मीटर उंच असते, हाय क्यूब २.८९६ मीटर. रुंदी सगळ्यांची २.४३८ मीटर.

त्याच दारावर टेअर, म्हणजे रिकाम्या पेटीचं वजन, आणि मॅक्स ग्रॉस, म्हणजे मालासकट चालणारं जास्तीत जास्त वजन, लिहिलेलं असतं. ढोबळमानाने २० फुटी रिकामी पेटी २.२ ते २.४ टन, ४० फुटी ३.७ ते ४ टन आणि ४० फुटी रीफर साडेचार टनांच्या पुढे भरते. मॅक्स ग्रॉस बहुधा ३०,४८० किलो असतं, काही पेट्यांचं ३२,५०० असतं. भरलेल्या पेटीचं वजन ‘पार्टी सांगते’ म्हणून धरू नका. १ जुलै २०१६ पासून जहाजावर चढणाऱ्या प्रत्येक भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं एकूण वजन, म्हणजे व्हीजीएम, द्यावंच लागतं. तीच वजनकाट्याची पावती क्रेनवाल्याच्या हातात द्या.

डाव्या दारावर सीएससी प्लेट, म्हणजे कंटेनर सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय कराराची पट्टी असते. तिच्यावर किती भार वर रचता येतो ते किलोमध्ये लिहिलेलं असतं. चालू पेटीवर तपासणीची पुढची तारीख किंवा एसीईपीचं (सतत तपासणीच्या मान्य योजनेचं) चिन्ह असायला हवं. जुन्या बाजारातून घेतलेल्या पेटीची प्लेट बऱ्याचदा काढलेली असते. तशी पेटी जमिनीवर एकटी ठेवायला चालेल, पण तिच्यावर भरलेली पेटी चढवू नका.

मग कोपरे बघा. ठोकळ्याच्या भोकात चिखल, गंज किंवा दगड आहे का? वेल्डिंगजवळ तडा आहे का? कोपऱ्याचा उभा खांब वाकला आहे का? खांबाला मोठा पोचा असेल तर ती पेटी थरात तळाला जाता कामा नये.

जमीन: इथेच पैसे घालायचे

हा भाग लोक सगळ्यात कमी मनावर घेतात, म्हणून जरा सविस्तर. पेटीचे खालचे चार ठोकळे बाकीच्या तळापेक्षा सुमारे १२ मिमी खाली आलेले असतात. म्हणजे पक्क्या सपाट जमिनीवर पेटी फक्त चार बिंदूंवर उभी राहते. ३० टनांची पेटी म्हणजे कोपऱ्याला साडेसात टन. ठोकळ्याचं तळाचं क्षेत्रफळ ०.०२९ चौरस मीटर. भागाकार केला की चौरस मीटरला २६० टन येतात. तीन थर रचले तर त्याच्या तिप्पट.

कृष्णाकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. ओली झाली की तिच्यावर चौरस मीटरला पाच-दहा टनांचाही भरवसा नसतो. म्हणून एकट्या पेटीसाठीसुद्धा काळी माती निदान दोन-अडीच फूट काढून टाका. मुरूम भरताना १५० ते २०० मिमीचे थर करा, प्रत्येक थरावर पाणी मारा आणि रोलर फिरवा. एकदम दोन फूट मुरूम ओतून वरून रोलर फिरवला तर खालचा मुरूम मोकळाच राहतो आणि पहिल्या पावसात खचतो. त्यावर चार कोपऱ्यांना ६०० × ६०० मिमीचे काँक्रीटचे पाद ओता. ३० टनी पेटीचा दाब मग चौरस मीटरला सुमारे २१ टनांवर येतो आणि दाबलेला मुरूम तो सहज पेलतो.

पादांची केंद्रं आखताना बाहेरचं माप धरू नका, भोकांचं धरा. २० फुटीला लांबीत ५,८५३ मिमी आणि रुंदीत २,२५९ मिमी. ४० फुटीला लांबीत ११,९८५ मिमी, रुंदी तीच. दोन्ही कर्ण सारखे आले म्हणजे आखणी गुण्यात आहे. चारही पादांची पातळी लेव्हल पाइपने तपासा. एक कोपरा वीस-पंचवीस मिमी खाली असला की पेटी पिळली जाते आणि दार लागत नाही किंवा लागलेलं उघडत नाही. अशा वेळी लोक दाराच्या बिजागऱ्यांवर घण घालत बसतात. दोष दारात नसतो, खालच्या पादात असतो. तो कोपरा जॅकने उचला, खाली लोखंडी पट्टी सरकवा, दार आपोआप लागेल.

४० फुटीच्या मधोमध टेकू देऊ नका. मध्येच टेकली की ती तराजूसारखी डुलते.

कोणतं मशीन बोलवायचं

प्रत्येक शेडमध्ये असलेली ३ टनी फोर्कलिफ्ट २.३ टनांची रिकामी पेटी उचलेल असं वाटतं. ती उचलत नाही. तिचे ३ टन काट्याच्या टाचेपासून ५०० मिमीवरचे असतात आणि पेटीचं वजन १,२१९ मिमीवर येतं. तेवढ्या लांब तिची ताकद पावणेदोन टनांच्या आसपास उरते आणि मागची चाकं हवेत जातात. ५ टनी फोर्कलिफ्ट रिकामी २० फुटी पेटी उचलू शकते, पण काटा पेटीखाली किमान १,८२५ मिमी आत जायला हवा, म्हणजे लांब काटे किंवा त्यांचे खोळ लागतात. फोर्क पॉकेट, म्हणजे तळाशी काटे घालायच्या खाचा, बहुधा २० फुटी पेट्यांनाच असतात. बाहेरच्या जोडीत २,०५० मिमी अंतर असतं. आतली ९०० मिमीची जोडी असलीच तर ती फक्त रिकाम्या पेटीसाठी. पॉकेट नसलेली ४० फुटी पेटी काट्यावर घेतली तर आडव्या पट्ट्या चेपतात.

आपल्याकडे सगळ्यात आधी आठवते ती हायड्रा, म्हणजे भार लटकवून चालणारी छोटी क्रेन. १४ टनी हायड्राचे १४ टन अगदी जवळच्या त्रिज्येला असतात. बूम (क्रेनचा लांब हात) लांब काढली, त्यात वळण घेतलं, की आकडा झपाट्याने घसरतो. रिकामी २० फुटी पेटी हायड्राने जागच्या जागी उचलता येते, पण पेटी लटकवून यार्डभर फिरणं बंद करा. पेटीमागे ऑपरेटरला पुढचं काही दिसत नाही, हेल्पर पेटीला हात लावून बरोबर चालतो आणि खड्ड्यात चाक गेलं की पेटी त्याच्यावर येते. बऱ्याच मोठ्या प्रकल्पांनी आवारात हायड्राला बंदी घातली आहे ती याच कारणाने.

भरलेल्या पेटीला टेलिस्कोपिक मोबाइल क्रेन लागते. हिशेब असा: पेटी २५ टन, स्प्रेडर (पेटी चार कोपऱ्यांना धरणारी चौकट) आणि हुक ब्लॉक मिळून २ ते ३ टन, एकूण २८. क्रेनच्या मध्यापासून पेटीच्या मध्यापर्यंत ६ ते ७ मीटर. ‘५० टनी क्रेन’ म्हणजे ३ मीटरला ५० टन. ७ मीटरला तोच आकडा निम्म्याच्या खाली येऊ शकतो. क्रेनवर लावलेला लोड चार्ट वाचा आणि त्या त्रिज्येच्या आकड्याच्या ७५-८० टक्क्यांपुढे जाऊ नका.

रोज दहा-वीस भरलेल्या पेट्या हलत असतील तरच रीच स्टॅकरचा, म्हणजे पुढे बूम आणि स्प्रेडर असलेल्या चाकांवरच्या मशीनचा विचार करा. रिकाम्यांचं यार्ड असेल तर एम्प्टी हँडलर पुरे. तो ८-९ टनांचा असतो, पेटी एका बाजूच्या वरच्या कोपऱ्यांना धरतो आणि सहा-सात थर रचतो. रबर टायरची गँट्री क्रेन बंदराची गोष्ट, इथे तिचं काम नाही.

क्रेनने उतरवणं, क्रमाने

१. डोक्यावरची तार बघा. एमआयडीसीच्या कडेने किंवा उसाच्या शेतातून आलेली ११ केव्हीची लाइन बूमच्या पोहोचेत येत असेल तर महावितरणकडून शटडाउन घेतल्याशिवाय बूम उचलू नका.

२. आउटरिगर, म्हणजे क्रेनचे टेकूचे पाय, पूर्ण बाहेर काढा, खाली लाकडी स्लीपर किंवा स्टीलची जाड प्लेट द्या. सेप्टिक टँक, गटार, नुकताच बुजवलेला चर यांच्यावर पाय टेकवू नका.

३. ट्रेलर अशा बेताने लावा की क्रेनला कमीत कमी वळावं लागेल. रिकाम्या पेटीला सोपी युक्ती आहे: ट्रेलर थेट जागेवर आणा, पेटी उचला, ट्रेलर खालून पुढे काढा आणि तिथेच पेटी खाली घ्या. त्यासाठी पाद जमिनीच्या पातळीत ओतलेले हवेत. उंची द्यायला लागणारे ठोकळे लांब काठीने सरकवा. टांगलेल्या पेटीखाली हात घालायचा नाही, क्षणभरही नाही.

४. ट्रेलरचे चारही ट्विस्टलॉक (ठोकळ्याच्या भोकात फिरून अडकणाऱ्या पिना) उघडा. चालक केबिनमधून उतरून समोर दिसेल असा उभा राहील.

५. भरलेली पेटी वरून उचलायची तर चारही कोपऱ्यांवर ओढ सरळ उभी हवी, म्हणजे स्प्रेडर फ्रेम लागते. चार तिरक्या स्लिंग एका हुकात अडकवून भरलेली पेटी वरून उचलू नका. वरचे लांब पट्टे आत दाबले जातात आणि पेटी मधून वाकते. रिकाम्या २० फुटीला तिरक्या स्लिंग लावायच्याच असतील तर आडव्याशी कोन ६० अंशांपेक्षा कमी नको. त्यासाठी प्रत्येक पाय सुमारे ६.३ मीटर लांब लागतो. ४० फुटीला तोच कोन राखायचा तर १२.२ मीटरचा पाय, म्हणजे हुक जमिनीपासून १३ मीटरच्या वर. हायड्राला एवढी उंची मिळत नाही, मग आखूड स्लिंग लावतात, कोन ३० अंशांवर येतो आणि प्रत्येक पायावरचा ताण उभ्या ओढीच्या दुप्पट होतो.

६. वरच्या ठोकळ्यात हुक लावायचे असतील तर टोक आतून बाहेर काढा. बाहेरून आत लावलेला हुक ढील पडताच निसटतो. खालच्या ठोकळ्यांना स्लिंग लावून उचलायचं तर २० फुटीला किमान ४५ अंश, ४० फुटीला किमान ३० अंश. स्लिंग पेटीच्या भिंतीला घासू नये म्हणून वर आडवी बीम घ्या.

७. दोन टोकांना दोन दोर बांधा. पेटी वळवायची ती दोराने, हाताने नाही.

८. १५० ते २०० मिमी उचला आणि थांबा. ट्रेलर बरोबर वर येतोय का बघा. एखादा लॉक अडकला असेल तर इथेच कळतं. पेटी एका टोकाला कलली तर माल एकीकडे भरला आहे. रीफर मशीनच्या बाजूला थोडी कलतेच. कल जास्त वाटला तर खाली घ्या.

खूण देणारा माणूस एकच. दोघे ओरडायला लागले की ऑपरेटरने काम थांबवावं.

रीच स्टॅकर चालवायला शिकताना

हे मशीन स्वतःच ६५ ते ७० टनांचं असतं. पहिल्या रांगेत ४५ टन उचलतं, दुसऱ्या रांगेत सुमारे ३१ आणि तिसऱ्या रांगेत पंधरा-सोळा. ४० टनांचा भार धरला की एकूण ११० टन होतात आणि त्यातले जवळपास ९५-१०० टन पुढच्या चार टायरांवर येतात. गावच्या डांबरी रस्त्याच्या जाडीचं यार्ड याच्याखाली महिन्यात उखडतं. जागेवर उभं राहून स्टिअरिंग फिरवलं तर मे महिन्यातलं मऊ डांबर चाकाबरोबर गोळा होतं. सिमेंटने घट्ट केलेल्या थरावर जाड काँक्रीट किंवा किमान १०० मिमीचे पेव्हर ब्लॉक लागतात. ४० फुटी पेटी आडवी घेऊन वळायला पॅसेज १४-१५ मीटरचा ठेवा.

पेटी घेताना मशीन काटकोनात आणा. स्प्रेडर आधी २० किंवा ४० च्या मापावर लांबवून घ्या. पेटीच्या वर आल्यावर साइडशिफ्टने, म्हणजे स्प्रेडर डावी-उजवीकडे सरकवून, जुळवा, दोन्ही बाजूंना सुमारे ८०० मिमी मिळतात. हळू टेकवा. चारही कोपऱ्यांच्या पिन दाबल्या गेल्या की ‘बसला’चा दिवा लागतो. तो लागल्याशिवाय ट्विस्टलॉक फिरत नाहीत. लॉक ९० अंशांत फिरले की ‘बंद’चा दिवा. दिव्यांचे रंग कंपनीप्रमाणे बदलतात, म्हणून तुमच्या मशीनच्या पुस्तकात बघूनच पाठ करा.

सगळ्यात वाईट सवय इथेच लागते. सेन्सरवर चिखल बसतो किंवा त्याची फट बदलते, दिवा लागत नाही, काम अडतं. मग कोणीतरी तार जोडून सेन्सर बायपास करतो. त्या दिवसापासून मशीन तीन कोपऱ्यांवर पेटी उचलायला मोकळं होतं, आणि एके दिवशी उचलतंच. दिवा लागत नसेल तर खाली उतरा, चारही कोपरे डोळ्यांनी बघा, सेन्सर पुसा, फट मापा. बायपासचं बटण असलेल्या मशीनवर ते कुलुपात ठेवा, किल्ली सुपरवायझरकडे.

चालताना बूम पूर्ण आत, पेटी जमिनीपासून अर्धा ते एक मीटर. मशीन उलटतं ते बहुधा तीन गोष्टी जमल्या की: पेटी उंच, बूम बाहेर आणि अचानक ब्रेक किंवा वळण. उतारावर पेटी चढाच्या बाजूला ठेवा. मशीन कललंच तर उडी मारू नका. पट्टा बांधलेला असू द्या, केबिनमध्ये घट्ट धरून बसा.

रीफर उचलण्याआधी प्लग काढला का ते बघा. द्राक्षांच्या हंगामात, जानेवारी ते एप्रिल, रात्री घाईत केबलसकट पेटी उचलली जाते. केबल तुटते, बोर्ड जळतो आणि शेजारच्या चार पेट्यांचं थंड करणंही थांबतं.

रचणं

ठोकळ्यावर ठोकळा बरोबर बसला पाहिजे. एक-दोन इंच सरकलेली पेटी खालच्या छपरावर भार टाकते. दोन २० फुटींवर एक ४० फुटी ठेवता येते, कारण दोघींमध्ये ७६ मिमी फट ठेवली की बाहेरचे कोपरे जुळतात. उलटं मात्र चालत नाही. ४० फुटीवर दोन २० फुटी ठेवल्या तर त्यांचे आतले कोपरे मधोमध येतात आणि तिथे खाली खांबच नसतो. जड पेटी खाली, हलकी वर.

रिकाम्या थरांचा शत्रू वारा. ४० फुटी हाय क्यूबची बाजू ३५ चौरस मीटर भरते. ताशी ७० किलोमीटरच्या वाऱ्यात तिच्यावर जवळपास एक टनाचा धक्का बसतो आणि पेटी स्वतः चार टनांची. एकट्या उंच रांगेला वळवाचा एक झोत पुरतो. म्हणून रिकाम्या पेट्या गठ्ठ्यात रचा आणि वाऱ्याकडची कड पायऱ्यापायऱ्यांनी उतरती ठेवा. एप्रिल-मेमध्ये आभाळ भरून आलं की वरचे थर आधी उतरवा आणि मशीन थांबवा.

नदीकाठच्या पट्ट्यात आणखी एक हिशेब आहे. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांच्या जागेत आला, त्यांनी तो नक्की करावा. २.३ टनांची २० फुटी पेटी १४.८ चौरस मीटरची. बंद दाराची असेल तर फरशीच्या वर जेमतेम अर्धा फूट पाणी चढलं की ती तरंगते, म्हणजे जमिनीपासून फूटभर. पाणी हळूहळू आत झिरपतं खरं, पण पूर झपाट्याने चढला तर पेटी आधी उचलली जाते आणि कुंपण घेऊन जाते. पादांमध्ये ट्विस्टलॉक किंवा चेन-टर्नबकलने बांधा. तेही जमत नसेल तर इशारा पातळीच्या बातमीबरोबर दारं उघडून बांधून ठेवा, पाणी आत येऊ द्या.

रोज आणि वर्षातून

सकाळी मशीन चालू करण्याआधी: टायरचा दाब (रीच स्टॅकरच्या १८.००-२५ टायरला साधारण १० बार), चाकांचे नट, हायड्रॉलिक तेल, होजपाइप घासलेत का, बूमच्या आणि स्प्रेडरच्या सरकत्या पॅडवर ग्रीस. टायरमध्ये हवा भरताना समोर उभं राहू नका, पिंजरा वापरा. इतक्या दाबाची रिंग सुटली की भिंत फोडते.

क्रेन, स्लिंग, शॅकल, स्प्रेडर यांची वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी करून घ्या, १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २९ पासून ही पद्धत आहे. स्लिंगच्या टॅगवर सुरक्षित वजन वाचता येत नसेल तर ती स्लिंग कापून टाका. नुसती बाजूला ठेवली तर रात्रपाळीत कोणीतरी पुन्हा लावतं. ट्विस्टलॉकच्या पिनांच्या मानेला डोळ्यांना न दिसणारे तडे जातात. त्या वर्षातून एकदा काढून चुंबकीय चाचणीला द्या, आणि एक पिन तडकलेली निघाली तर चारही बदला. चौघींनी भार सारखाच पेललेला असतो.